चढ कुठंय बे?

मे महिन्यात पुण्याहून भाची चार दिवसांसाठी आली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला बुटांच्या नाड्या आवळून दारात उभी राहिली. "मामा, इथं टेकडी कुठंय?"

जवळची डेअरी कुठंय, असं विचारावं तितक्या सहज तिनं विचारलं. देव गाव वसवतो तेव्हा आधी टेकडी ठेवतो, मग तिच्या पायथ्याशी अमृततुल्य मांडतो आणि उरलेल्या जागेत माणसं बसवतो, असा पुण्याच्या माणसाचा ठाम समज असतो. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती, तळजाई... एका गावानं किती टेकड्या घ्याव्यात याला काही धरबंध? वाटप चालू असताना पुणं रांगेत दोनदा उभं राहिलं असणार. आमचा नंबर येईतो पोतं रिकामं.

मी भूगोलाचा मास्तर. एकतीस वर्षं खडूनं डोंगर काढून निवृत्त झालो. तरी या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिला गच्चीवर नेलं. आमचं घर जुळे सोलापुरात. उत्तरेला पाण्याच्या टाक्या, दक्षिणेला पाण्याच्या टाक्या, पश्चिमेला टाक्या आणि एक मोबाइलचा मनोरा, आणि पूर्वेला उगवायच्या बेतात असलेला सूर्य. त्याच्या आड येईल असं काहीही नाही. "आमच्याकडं सूर्य थेट जमिनीतनं निघतो," मी म्हणालो. "डोंगरामागनं लाजत डोकावणं वगैरे त्याला इथं जमत नाही. आल्या आल्या कामाला लागतो."

"मग तुम्ही सकाळी चढता काय?"

"जिना," मी म्हणालो, आणि चहा टाकायला खाली उतरलो. पण प्रश्न गच्चीवरनं उतरला नाही.

एकतीस वर्षं मी नववीच्या वर्गाला समोच्च रेषा शिकवल्या. नकाशावर एकात एक गोल काढायचे; सगळ्यांत आतला गोल म्हणजे शिखर, रेषा जवळजवळ आल्या की तीव्र उतार, लांब लांब गेल्या की मंद. दर वर्षी कुणीतरी पोरगं मागच्या बाकावरनं म्हणायचं, "सर, कांदा काढलाव का?" दोष त्याचा नव्हता. सोलापूरच्या पोरानं कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ बघितलेली असते, कापलेला कांदा तर रोजच. डोंगर मात्र त्यानं सिनेमात बघितलेला. त्यातसुद्धा त्याच्यावर हिरोईन नाचत असल्यामुळं उताराकडं लक्ष गेलेलं नसतं. मी म्हणायचो, "कांदाच समज. वरनं कापलेला." मार्क पडायचे.

तसं बघायला गेलं तर शब्दांची आम्हाला टंचाई नाही. मराठीत टेकडी. शेजारचे अण्णा कानडी. त्यांच्यात गुड्डा, आणि नुसताच माळाचा उंचवटा असेल तर मड्डी. तेलुगूत कोंडा, या आडनावाची माणसंसुद्धा गावात आहेत. दखनीत पहाडी. चार भाषांत शब्द तयार ठेवून सोलापूर शेकडो वर्षं वाट बघतंय, वस्तूच आलेली नाही. किल्ला आहे, तर तो भुईकोट. महाराष्ट्रातला मावळा म्हटला की दोर, घोरपड, कडा असं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. आमच्या किल्ल्यात माणूस तिकीट काढून सपाट चालत जातो. शेजारचे परंडा, नळदुर्ग, तेही भुईवरचेच. आणि जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला आम्ही काय म्हणतो? गड्डा. आता याच्याहून खाली काय जायचं राहिलं?

मात्र मास्तरकी अंगात असल्यामुळं मी भाचीला जाता जाता एक गोष्ट ऐकवलीच. सोलापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती साडेचारशे मीटरच्या घरात आहे. म्हणजे आम्ही आधीच वर आहोत, फक्त माथा जरा रुंद पडला. मुंबईहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटते, ती बोरघाट चढते तेव्हा डब्यातले झाडून सगळे सोलापूरकर चादरी ओढून झोपलेले असतात. आयुष्यातला एवढा मोठा चढ आम्ही झोपेत चढतो. भाची हसली. पण गाडी सुटताना खिडकीतनं म्हणाली, "मामा, दिवाळीच्या आत एक तरी ट्रेक करा. फोटो पाठवा."

झालं. संध्याकाळी कट्ट्यावर विषय निघाला.

कट्ट्यावर आम्ही चौघं. मी; कापडाच्या दुकानात हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलेले अण्णा; शेट, म्हणजे शेट वगैरे काही नाही, तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जकार्ड मागावर उभा राहिलेला माझा तेलुगू मित्र; आणि भाईजान, ज्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. भाईजानना वेळेचं वेड. बाकी तिघांना वेळ भरपूर.

"डोंगरावर? कशाला बे?" शेट म्हणाला.

हा प्रश्न पुण्यात कुणी विचारत नाही. आमच्याकडं पहिला हाच. सोलापुरात चालणाऱ्या माणसाला कारण लागतं. सकाळी रस्त्यानं झपाझप चाललेला माणूस दिसला की स्कूटर थांबते: "गाडी बिघडली काय? बसा." डॉक्टरनं सांगितलंय म्हटल्यावर स्कूटरवाल्याचा चेहरा उतरतो आणि तो साखर किती, प्रेशर किती अशी चौकशी करून हळहळत निघून जातो. नुसतं चालायचं म्हणून चालणारा माणूस अजून आमच्या समजुतीत बसलेला नाही. आणि त्यातनं डोंगर म्हणजे चढायचं आणि परत तिथंच उतरायचं. शेटचा हिशेब सरळ होता. "तीस वर्षं पाळीला आठ तास उभा राहिलो. तेवढ्यात काश्मीरला जाऊन आलो असतो. आता बसू दे की."

तरी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप निघाला. नाव 'डोंगरवाट'. चौघांचा ग्रुप आठवड्यात एकवीस जणांचा झाला, त्यातल्या सतरांना डोंगराशी देणंघेणं नव्हतं, पण अण्णांनी पहिल्याच दिवशी 'नाश्त्याला काय?' असा प्रश्न टाकल्यामुळं ते आले आणि टिकले.

डोंगर शोधायचं काम माझ्याकडं आलं. मी फोनवर नकाशा उघडला आणि उंचसखलपणा दाखवणारा प्रकार चालू केला. सोलापूरभोवती पडदा कोरा. मी बोटानं उत्तरेला सरकत गेलो. तळे हिप्परगा, उळे, तामलवाडी... आणि माळुंब्र्याच्या पुढं एकदम रेषाच रेषा; आठ्या पडल्यासारख्या. बालाघाट! एकतीस वर्षं मी ही ओळ पाठ म्हणवून घेतली होती: सह्याद्रीपासून हरिश्चंद्रगडाशी बालाघाटाची रांग फुटते आणि गोदावरी आणि भीमा यांचं पाणी वेगळं करत आग्नेयेला जाते. पोरांनी घोकलं, मीही घोकलं. ती रांग आपल्या घरापासून पाऊण तासावर येऊन उतरते हे धड्यात नव्हतं. मी लगेच भाचीला कळवलं: तू ज्या हरिश्चंद्रगडावर तंबू ठोकून राहिलीस, त्याचं शेपूट आमच्याकडं आहे. तिचं उत्तर आलं, "मग शेपूट तरी धरा."

अण्णांनी मध्येच नान्नजची सूचना मांडली. वीसेक किलोमीटरवर, सपाट, माळरान, माळढोकाचं अभयारण्य. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतला मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचा मुलूख या एका पक्ष्याच्या नावे राखला होता; पुढं तो बराच कमी केला. मला त्या पक्ष्याबद्दल फार आपुलकी आहे, कारण तो अस्सल सोलापुरी आहे. त्याला डोंगर चालत नाही. डोंगर राहू द्या, झाडसुद्धा नको असतं. समोर गवत, लांबपर्यंत दिसणारी जमीन, आणि अंगानं भरभक्कम. उडता येतं, पण शक्यतो चालत. आता तो दिसणंच नशिबात राहिलेलं नाही. पण तिथं चढ नाही, म्हणून सूचना नामंजूर झाली. शेट म्हणाला, "चढ नाही हा गुण आहे की बे." त्याला ग्रुपवर तीन अंगठे आले.

याच सोलापुरात मारुती चितमपल्ली जन्मले, १९३२ साली. झाडाला सावलीसाठी रांग लागावी अशा या मुलखातला पोरगा वनखात्यात गेला, उभं आयुष्य जंगलात काढलं, 'रानवाटा' लिहिलं, आणि २००६ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा त्याचा अध्यक्ष होऊन आला. शेवटची वर्षंही त्यांनी इथंच काढली. जून २०२५ मध्ये ते गेले. मला नेहमी वाटतं, गावात जे नसतं त्याची ओढ एखाद्यालाच लागते आणि तो निघतो. बाकीचे कट्ट्यावर बसून त्याचं पुस्तक वाचतात आणि 'आपल्या गावचा माणूस' म्हणून चहा सांगतात. आम्ही दुसऱ्या प्रकारातले.

बेत जून महिन्याचा ठरला. जूनमध्ये पाऊस पडला नाही म्हणून पुढं गेला. पिवळा डोंगर बघायला कोण जाणार? जुलैमध्ये पाऊस पडला म्हणून पुढं गेला. ओल्या काळ्या रानातनं दहा पावलं टाकली की एकेक पाय दोन-दोन किलोचा होतो, हे ज्यानं अनुभवलंय तो वाद घालत नाही. आषाढीला घरोघर पाहुणे, पंढरपूर शेजारी असण्याची ती पट्टी आहे. श्रावणात अर्ध्या ग्रुपचे उपवास आणि उरलेल्या अर्ध्याला उपवासाचं खायला आवडतं. मग गणपती. मग पितृपक्ष, त्यात नवीन काम सुरू करू नये. डोंगर चढणं हे नवीन काम आहे का यावर दोन दिवस चर्चा झाली.

पण बेत थांबला होता असं कुणी म्हणू नये. खाण्याची समिती रोज बसत होती. आणि इथं मी प्रामाणिकपणे सांगतो, डोंगरासाठी म्हणून देवानं पृथ्वीवर काही पदार्थ केला असेल तर तो सोलापूरची कडक भाकरी. पातळ, पापडासारखी वाळवलेली, महिनोन् महिने टिकणारी, वजन नाही, ओल नाही, कुणाच्या अंगावर सांडत नाही. चुकून बसलात तर मोडेल, पण मोडूनच तर खायची. पिशवीत चुरा झाला तर दह्यात घालायचा. तिच्याबरोबर उखळात कुटलेली शेंगा चटणी, तेल सुटलेली. हिमालयात जाणारे लोक चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या कसल्या कसल्या वड्या खातात असं भाची सांगते. त्यांना मंगळवेढ्याची ज्वारी कुणी दाखवली नाही, दुसरं काय. डोंगर नसलेल्या गावानं डोंगरावरचं जेवण शोधून काढावं आणि डोंगरवाल्यांनी बिस्किटं खावीत, हा वाटपातला दुसरा गोंधळ.

शेटनं घरनं पुळिहोरा आणायचं कबूल केलं. चिंचेचा भात, सकाळी केलेला रात्रीपर्यंत बिघडत नाही. अण्णांकडं धपाटे आणि दही. भाईजाननी खाण्याचं अंगावर घेतलं नाही, त्यांनी वेळापत्रक केलं. पाच वाजून दहा मिनिटांनी आसरा चौक. पाच पंचवीसला रूपाभवानी. सहा पाचला पायथा. सहा पाच ते सहा पंधरा नाड्या बांधणे. मी म्हटलं, नाड्यांना दहा मिनिटं? भाईजान म्हणाले, "मास्तर, तुमचं वाकणं बघितलंय मी."

बूट घ्यायला मी नव्या पेठेत गेलो. दुकानदारानं विचारलं, "चालायचे का पळायचे?"

"डोंगरावरचे."

"कुठला डोंगर?"

"ठरायचंय."

त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि काही न बोलता माझ्या वयाला शोभतील असे काळे बूट काढले. मी हट्टानं जाड तळव्याचे, पिवळ्या नाड्यांचे घेतले. घरी ही म्हणाली, "अहो, हे घालून चौकातनं जाणार तुम्ही?"

सरावाला म्हणून एका रविवारी चौघं हिप्परग्याच्या तळ्यावर गेलो. १८७१ साली बांधून झालेला हा एकरूख तलाव. मातीचा लांबच लांब बंधारा. डोंगर नव्हता म्हणून इंग्रजांच्या काळात माणसांनी टोपल्या वाहून जी उंची केली, तीच आमची टेकडी. तीन मिनिटांत वर पोचलो. वरून पाणी, बगळे, पलीकडं हायवेवरचे ट्रक. शेटला धाप लागली, पण ती त्यानं खोकल्यात लपवली. मग बांधाखाली झाडाच्या सावलीत बसून दीड तास नाश्ता केला. भाईजाननी वहीत लिहिलं: चढाई तीन मिनिटं, खाणं नव्वद. "याचं प्रमाण धरलं," ते म्हणाले, "तर बालाघाटाला मुक्काम करायला लागेल."

नवरात्र संपलं. दसरा झाला. एका संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसलो होतो. ही भाजी निवडत होती.

"कुठं जायचंय म्हणे तुम्हाला?"

"बालाघाटात."

"म्हणजे कुठं?"

"हे बघ, माळुंब्रा गेलं की या रेषा दाट होतात..."

"तुळजापूरचा घाट म्हणा की. मी जाते तिथं दर वर्षी. चालत."

माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. खरंच की. अकरा वर्षं ही कोजागरीला तुळजापूरला चालत जाते. सोलापूर ते तुळजापूर, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, एका रात्रीत. गल्लीतल्या बायकांबरोबर संध्याकाळी निघते, सकाळी पोचते. मी दर वर्षी दुसऱ्या दिवशी एसटीनं जाऊन तिला घेऊन येतो आणि परतताना बसमध्ये जागा मी पकडली याचा उल्लेख चार वेळा करतो. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून ट्रेक हा शब्द मी ऐकला नव्हता, म्हणून मला तो दिसलाच नव्हता.

"काय काय नेतेस?" मी भूगोलाच्या मास्तरला न शोभणाऱ्या आवाजात विचारलं.

तिनं कपाटावरची कापडी पिशवी काढून दाखवली. एक टॉवेल, एक जुनी चादर, गोळ्यांचं पाकीट, पाण्याची बाटली, चटणीची डबी, फडक्यात भाकऱ्या आणि जास्तीची एक चप्पल. "एकच?" "उजवीच तुटते माझी नेहमी." अकरा वर्षांचं संशोधन त्या एका चपलेत होतं. आमच्या ग्रुपवर सामानाची यादी छत्तीस वस्तूंची झाली होती आणि त्यात शिट्टी दोनदा आली होती.

या गावाला चालता येत नाही, असं मी वर म्हटलं असेल तर ते मागं घेतो. जानेवारीत संक्रांतीच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं गावाभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना दिवसभर अनवाणी चालून तेल लावून येतात. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी नेमून दिलेली वाट, असं परंपरा सांगते. आता याला पुण्यात हेरिटेज वॉक म्हणून तिकीट लागलं असतं. आम्ही तिला चालणं म्हणतच नाही. ती यात्रा. आमचं सगळं चालणं कुठल्या ना कुठल्या देवाच्या खात्यावर पडतं, स्वतःच्या खात्यात शिल्लक शून्य.

'डोंगरवाट'वर मी लिहिलं: कोजागरीला निघतोय. एकवीसातले सतरा गप्प झाले. अण्णा आणि शेट तयार. देवीचं म्हटल्यावर शेटचा 'कशाला बे' गळून पडला. त्याला कारण मिळालं होतं. भाईजान हिप्परग्यापर्यंत पोचवायला आले आणि घड्याळ बघून म्हणाले, "अठरा मिनिटं लेट."

दसऱ्याला सीमोल्लंघन करून तुळजाभवानी श्रमनिद्रा घेते, ती अश्विन पौर्णिमेपर्यंत. त्या पौर्णिमेला सोलापूरच्या काठ्या तुळजापुरात पोचतात, छबिना निघतो, आणि त्या रात्री हा रस्ता गाड्यांचा राहत नाही, माणसांचा होतो. चारपदरी हायवे, त्याच्यावर एरवी पाय ठेवायची छाती होत नाही. तिथं लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, कर्नाटकातनं चार दिवस चालत आलेले, तेलंगणातनं आलेले, कॉलेजची पोरं, काठी टेकणारी म्हातारी. 'आई राजा उदो उदो' एका टोकाला उठतं आणि लाटेसारखं आपल्या अंगावरनं पुढं जातं. दर फर्लांगाला मांडव. चहा, केळी, साबूदाण्याची खिचडी, आणि एका मांडवात तर खुर्च्या मांडून पोरं येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय आयोडेक्सनं चोळून देत होती. आमच्या समितीनं चार महिने ज्यावर डोकेफोड केली तो नाश्ता रस्त्यावर हात धरधरून खाऊ घालत होते. अण्णा विजापूरकडच्या लोकांशी कानडीत गप्पा मारत पुढं, शेट तेलुगूत कुणाला तरी चादरीचा भाव सांगत मागं. मी मध्ये, पिवळ्या नाड्यांकडं बघत.

तामलवाडीला माझ्या टाचेला पहिला फोड आला. फोन वाजला. "मास्तर, किदर तक आए?" सांगितलं. "अडीचलाच पोचायला पायजे होते."

माळुंब्र्याला दुसरा. बूट काढून हातात घेतले आणि हिनं न बोलता ती जास्तीची चप्पल पुढं केली. उजवी. फोडही उजव्याच पायाला होते. डाव्या पायात मोजा घालून मी घाटाला लागलो.

आणि चढ आला. खरोखरचा. पोटऱ्यांना आधी कळलं, मग मला. दख्खनच्या या दगडाला ट्रॅप म्हणतात. शब्द स्वीडिश 'ट्रापा'वरून आला, अर्थ जिना. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, आणि झिजून झिजून त्याच्या पायऱ्या झाल्या. हे मी एकतीस वर्षं सांगितलं. आता पहाटे साडेपाचला एका पायात बायकोची चप्पल आणि दुसऱ्यात मोजा घालून मी त्या जिन्याची एक पायरी चढत होतो. सोलापूर खालची पायरी, तुळजापूर वरची. यमुनाचल म्हणतात या डोंगराला. वर गेल्यावर पुन्हा सपाटच आहे, मला ठाऊक होतं. पण मधली ही एक पायरी कुणी कापून घेऊन पुण्याला नेली नव्हती. वळणावर थांबून मागं बघितलं. खाली सगळा मुलूख चंद्रप्रकाशात परातीसारखा पडलेला, त्याच्यात माणसांची रांग, आणि लांब क्षितिजाशी पिवळट उजेड दिसत होता, तो बहुधा आमचाच गाव. इतकी वर्षं मी त्याला कधी वरून बघितलं नव्हतं.

"फोटो काढा की," अण्णा म्हणाले. काढला. काळा आला.

उजाडताना घाटाच्या कडेला एक बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसलेली. ही लगेच खाली बसून डोळे उघडलेली फळं निवडायला लागली. मी विचारलं, "कुठली ही?"

"ह्याच डोंगरातली की."

"वर वाट आहे का?"

"हाय की. शेरडं जात्यात रोज."

माझ्या अंगातला भूगोल जागा झाला. "किती लांब?"

"लांब कशाचं? तासभर लागंल." मग तिनं जरा काळजीनं माझ्याकडं बघितलं. "पर तिकडं देऊळ न्हाई, काय न्हाई. कशाला जाताव?"

"चढायला," मी म्हणालो.

बाईनं माझ्या पायातल्या चपलेकडं बघितलं, हातातल्या बुटांकडं बघितलं, आणि आवाज खाली करून हिला विचारलं, "मास्तर हैत का हे?"

"होय," ही सीताफळ दाबून बघत म्हणाली, "भूगोलाचे."